बुजवलेल्या विहिरीवरची भट्टी

"अप्पे, एवढा एक तुकडा..." तव्यावरून नुकतीच उतरवलेली रोट्टी जलजाक्षीने थाळीत घालून आईच्या, म्हणजे अप्पेच्या, पुढ्यात सरकवली.

म्हाताऱ्या कोरपोळूने थाळीकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले, आणि भिंतीलाच सांगावे तशी म्हणाली, "हरिणाक्षी, माझी पेज आण."

सून पेजेची वाटी घेऊन आली. सासू, नणंद आणि मधली ती थाळी पाहून काय समजायचे ते समजली आणि वाटी ठेवून निघून गेली. बहात्तर वर्षांच्या त्या म्हातारीने गेल्या सदतीस वर्षांत थोरल्या लेकीच्या हातचा एक घास खाल्ला नव्हता. कारकळजवळच्या त्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, आणि तिचे कारणही ठाऊक होते. जलजाक्षी दहा वर्षांची असताना तिच्यावर सोपवलेली तीन वर्षांची वारिजा परसातल्या विहिरीत पडून गेली. विहिरीला कठडा नव्हता, नुसते बांबूचे कुंपण होते, आणि त्यातला एक आडवा बांबू कुणीतरी काढून ठेवला होता. "बांबू कुणी काढला?" असे बापाने ओरडून विचारले तेव्हा फ्रॉकचे टोक चावत उभी असलेली जलजाक्षी म्हणाली होती, "मी."

खरे तर तो तिने काढला नव्हता. सहा वर्षांचा भाऊ मोनप्पा त्या दुपारी बांबूचा घोडा करून अंगणभर दौडताना तिने पाहिला होता, आणि बापाच्या हातातली माडाची झावळी त्या लहानग्या पाठीवर पडली तर घरात एकाऐवजी दोन मढी होतील, एवढे तिच्या चिमुकल्या डोक्याला कळले होते. मार तिने खाल्ला आणि तो चार दिवसांत विसरली. पण आईने त्या दिवसापासून तिच्या हातचे पाणीही घेतले नाही... ते मात्र रोज नव्याने लागत राहिले! पुढे तीस वर्षे बिड्या वळून तिने मोनप्पाला शिकवले, त्याला रिक्षा घेऊन दिली, त्याचे लग्न लावले. तिला स्वतःला बेळमणचे एक स्थळ आले होते. बापाने हौसेने हिरवी रेशमी साडीही आणली होती, पण "धाकटीला बुडवणारी ती हीच का?" असे कुणीतरी वरपक्षाच्या कानावर घातले आणि साडी घडी न मोडता पेटीत गेली. त्या बोलण्यालाही जलजाक्षीने उत्तर दिले नाही.

आता बिड्यांचे काम सुटले होते. पानेच मिळेनात. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने मनात धरले, की आपली रोट्टीची भट्टी घालायची. कोंबडीच्या रश्शात चुरून खायच्या त्या पापडासारख्या कडक रोट्ट्या त्या मुलखात रोज लागतात, आणि बचत गटाच्या बायका म्हणत, जलजक्काचा हात हलका आहे. मोनप्पाने पत्रे आणले. चूल मांडायला सपाट, कोरडी जागा सबंध परसात एकच होती: जिथे बापाने विहीर बुजवून वर माती चोपली होती ती. जलजाक्षी आधी कचरली, मग म्हणाली, सदतीस वर्षांत मातीची माती झाली, तिचे काय भय! सिमेंटची जमीन झाली, शेड उभी राहिली. कोरपोळू तेवढी एकदा दारात येऊन म्हणाली, "तिथे आग पेटवू नका." का, ते सांगितले नाही.

तुळू पंचांगातल्या सोण महिन्याच्या पहिल्या दिवशी धंदा सुरू करायचा ठरले. त्याआधीचा आटी महिना म्हणजे मेलेल्यांचा. त्यात नवे काही कुणी करत नाही, पण हात बसवायला काय हरकत? एक अडचण उरली होती. घरात नवा धंदा उभा राहिला की त्यातला पहिला घास घरातल्या थोरल्या माणसाने खायचा आणि मगच माल उंबऱ्याबाहेर काढायचा, ही या घरची रीत. आजोबा ताडी काढायचे, तेव्हा त्यांच्या पहिल्या मडक्यातला पहिला घोट त्यांच्या आंधळ्या आजीने घेतला होता म्हणे. आता घरात थोरली कोरपोळूच होती.

"ती खाणार नाही, मोनू," जलजाक्षी भावाला म्हणाली.

"खाईल ग, अक्का. त्या दिवशी मी मांडीवर डोकं ठेवून रडेन, मग खाईल. माझ्या रडण्यापुढे तिचं चालत नाही."

"रिक्षावाले रडतात होय?"

"पेट्रोल भरताना रोज."

ती हसली. भट्टी पेटवून चार दिवस झाले होते, आणि पाचव्या दिवशी ते सुरू झाले.

दुपारची वेळ होती. आटीतल्या पावसाने सकाळपासून उसंत घेतली होती आणि परसात पिवळे ऊन पडले होते. जलजाक्षीने चोवीस रोट्ट्या घातल्या, मोजल्या, टोपलीत रचल्या, आणि अंघोळीला गेली. परत येऊन पुड्या बांधायला बसली तर रोट्ट्या पंचवीस. चुकले असेल म्हणून पुन्हा मोजल्या. पंचवीसच! आणि सगळ्यांत वरची रोट्टी तिने घातलेली नव्हती, कारण तशी तिला येतच नव्हती. इतकी पातळ, की पलीकडचे ऊन दिसावे. तिने कोपरा मोडून तोंडात टाकला. त्यात मीठ नव्हते.

मेलेल्यांसाठी शिजवतात त्यात मीठ घालत नाहीत. हे तिला आठवले तेव्हा तोंडातला तुकडा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती अंघोळीला गेलीच नाही, नुसते दार ओढून बाहेर उभी राहिली. आत तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज आला. उलथण्याची कड तव्यावरून फिरली... सावकाश, सवयीच्या हाताने. जलजाक्षीने दार ढकलले. आत कुणी नव्हते. तव्यावर एक रोट्टी कडेने सुटत होती, शेवाळाचा गार वास पसरला होता, आणि जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे होते. ते दाराकडून आलेले नव्हते. शेडच्या ऐन मध्यापासून निघून ते चुलीपर्यंत येत होते, चारच पावले, आणि परत गेल्याची खूण नव्हती. पावले लहान मुलाची असती तर ती किंचाळली असती. पण ती एका पुऱ्या वाढलेल्या बाईची होती. तिने आपले पाऊल शेजारी ठेवून पाहिले. बोटभर लहान, एवढाच फरक.

भट्टीच्या धगीने ठसे सुकत गेले आणि ती ते सुकेपर्यंत पाहत बसली. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच; पण भीतीच्या तळाशी एक विलक्षण माया दाटून आली होती, आणि तिचे काय करावे ते तिला कळेना.

हरिणाक्षीला कळल्यावर घरात राहील ती गोष्ट कसली! "अक्का, मी त्या शेडमध्ये पाय ठेवणार नाही, पुड्या इथे ओसरीवर आणून द्या," ती म्हणाली. मोनप्पाने थट्टा करून पाहिली, की फुकटची कामवाली मिळाली तर घ्यावी. पण त्याचेही ओठ कोरडे पडले होते. शेवटी तो कवड्या मांडून प्रश्न पाहणाऱ्या रामय्या पणिक्करांना रिक्षात घालून घेऊन आला.

पणिक्कर दमेकरी होते. त्यांनी कवड्या उधळल्या, वेचल्या, पुन्हा मांडल्या, आणि कोरपोळूला विचारले, "आटीत मेलेल्यांची पानं वाढता, तेव्हा धाकट्या लेकीचं पान कोण वाढतं?"

"मी."

"काय वाढतेस?"

"दूध. केळं. गुळाचा खडा."

"किती वर्षं झाली जाऊन?"

"सदतीस," हे उत्तर जलजाक्षीने दिले.

पणिक्करांनी चष्मा काढून पुसला. "आपली माणसं गेली तरी वयाने वाढायची थांबत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? चाळिशीच्या बाईला तुम्ही वाटीत दूध देता. तिला पदर आला, तिच्या बरोबरीच्यांची तिकडे लग्नं झाली, आणि ही अजून आईच्या लेखी रांगतेय. ती छळायला आलेली नाही. घरात धंदा निघतोय, तर आपल्या वाट्याचं काम करायला आलीय. तिला मोठी म्हणा. तिचं लग्न लावून द्या, ती आपल्या घरी जाईल. नाहीतर या चुलीवरून ती उठायची नाही."

"ती लहान आहे," कोरपोळू म्हणाली. एवढेच म्हणाली, आणि उठून आत गेली.

पण लग्न ठरले. त्या मुलखात मेलेल्यांची लग्ने जिवंतांच्या लग्नांसारखीच जुळतात. गोत्र पाहतात, घर पाहतात. बजगोळीच्या मुत्तक्काचा शीना पाच वर्षांचा असताना तापाने गेला होता, असता तर आता बेचाळीसचा असता. मुत्तक्का ठसठशीत बाई होती. ओसरीवर मांडी ठोकून बसत तिने विचारले, "मुलगी रंगाने कशी?"

"गोरी होती," मोनप्पा म्हणाला.

"होती काय म्हणतोस? आहे म्हण. लग्न जुळवायला आलेय मी. स्वयंपाक येतो का?"

 मग जलजाक्षीने आतून त्या दिवशीची ती जास्तीची रोट्टी आणून तिच्यापुढे ठेवली. मुत्तक्काने ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली, आणि तिचा आवाज उतरला. "हात चांगला आहे पोरीचा," ती म्हणाली. "माझ्या शीनाला जाड चालत नाही."

आटीतल्याच एका दुपारी, शेडमध्येच, दाराजवळ, दोन पाट मांडले गेले. एकावर मुत्तक्काने शीनाचे नवे धोतर आणि सदरा ठेवला, वर नारळ ठेवला. दुसऱ्या पाटावर ठेवण्यासाठी कोरपोळूने पेटीतून काय आणावे? एक झालरीचा फ्रॉक, पिवळा पडलेला, वीतभर.

"अप्पे, तो नको," जलजाक्षी हळूच म्हणाली. "ती चाळीस वर्षांची आहे."

"मग काय ठेवू? तिच्यासाठी मी काय घेऊन ठेवलंय?"

जलजाक्षी आत गेली आणि ती हिरवी रेशमी साडी घेऊन आली. घडीच्या रेघांवर रंग उडाला होता, पण नेसलेली नव्हती ती साडी, एकदाही नाही. स्वतःच्या हाताने तिने ती पाटावर मांडली, वर बांगड्या ठेवल्या, मोगऱ्याचा गजरा ठेवला, आणि जन्मात एकदा तरी आपल्या अंगावर यावे असे जे तिने मनाच्या तळाशी जपले होते ते सगळे धाकटीला देऊन ती दोन पावले मागे सरली. हरिणाक्षीने तोंडात पदर कोंबला. ज्या थोरलीला कुणी बोहल्यावर उभे केले नाही, ती बुडालेल्या धाकटीची करवली झाली होती...

कन्यादानाचे पाणी आईने सोडायचे होते. मोनप्पाने तांब्या आणून कोरपोळूच्या हातात दिला. म्हातारीने साडीकडे पाहिले, मग थोरलीकडे पाहिले. कितीतरी वर्षांनी सरळ तोंडाकडे पाहिले. तांब्या कलता कलेना.

"मला हे पाणी सोडवत नाही," ती म्हणाली. "एकदा मीच तिला पाण्यात सोडली."

"अत्ते, असं काय बोलता?" हरिणाक्षी सासूकडे सरकली.

"बोलू दे. आज नाही बोलले तर वारिजा मला नेल्याशिवाय जायची नाही. तो बांबू मी काढला होता. कळशी भरायला वाकले, बांबू आड येत होता, म्हणून काढून ठेवला. कळशी डोक्यावर घेतली नि चालू पडले... परत घालायचं राहून गेलं. घरात येऊन भात उतरवला मी. भात उतरवत होते तेव्हा ती..."

 जलजाक्षीच्या ओठांतून शब्द कसेबसे निघाले. "म्हणजे मोनूने नाही?"

"मोनूने?" मोनप्पाला काही उमगेना. "मी काय केलं, अक्का?"

"तू घोडा घोडा खेळत होतास... बांबूचा..."

"तो फणसाखाली पडलेला कळक होता, अक्का. मी विहिरीकडे कधी जायचोच नाही, मला बेडकांची भीती वाटायची." आणि हे बोलता बोलताच त्याला सगळे उलगडले. तो मटकन खाली बसला आणि बहिणीच्या पायांना त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली. "अक्का... माझ्यासाठी? इतकी वर्षं माझ्यासाठी?"

जलजाक्षीला ते ऐकू आले की नाही कोण जाणे. ती आईकडे पाहत होती. "मी दहा वर्षांची होते, अप्पे."

"माहीत आहे."

"मी 'मी' म्हणाले तेव्हा तुला ठाऊक होतं, की मी खोटं बोलतेय?"

"ठाऊक होतं." कोरपोळूच्या गालांवरून आसवे ओघळत होती, पण आवाज सपाट होता, फार दिवस पाठ केल्यासारखा. "तू म्हणालीस, आणि मला सुटल्यासारखं झालं. पोटची एक गेली होती नि मला सुटल्यासारखं झालं, बघ. त्या दिवसापासून तुझ्या हातचा घास घशाखाली जाईना. तुझी किळस नव्हती, बाळा. मला माझी होती."

"आणि मला वाटत राहिलं..." जलजाक्षी मोनप्पाच्या मिठीतून पाय सोडवत मागे सरली. सदतीस वर्षांचा तिचा त्याग ज्याच्यासाठी होता त्याला त्याची गरजच नव्हती, आणि जिला त्याची गरज होती तिने तो गुपचूप घेऊन वर पाठ फिरवली होती! संतापाने तिचे सर्वांग पेटले. त्या क्षणी तिला आई नको होती, भाऊ नको होता, भट्टीही नको होती.

तेवढ्यात मुत्तक्का बोलली. "बायांनो, घरचं भांडण घरी भांडा, जन्म पडलाय. मुलगी केव्हाची उभी आहे."

सगळ्यांनी पाहिले. हिरव्या साडीच्या पाटापुढे, सुक्या सिमेंटवर, दोन ओली पावले उमटली होती.

जलजाक्षी पुढे झाली. तिने आईच्या हातातला तांब्या काढून घेतला नाही. आईच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून तो कलता केला. नारळावरून पाणी जमिनीवर आले. जमिनीचा उतार दाराकडे होता, मोनप्पाने स्वतः गवंड्याकडून काढून घेतला होता. पाणी मात्र उलटे, शेडच्या मध्याकडे गेले, तिथे क्षणभर थांबले, आणि जिरले. सिमेंटमध्ये पाणी कसे जिरते, हे त्यानंतर मोनप्पाने चार गवंड्यांना विचारले.

मुत्तक्काने साडी, बांगड्या, गजरा असे सगळे धोतरासकट एका गाठोड्यात बांधले. "ये ग सूनबाई, घरी चल," म्हणत ते कडेवर घेतले आणि तिचे गुडघे लवले. "अगबाई," ती धापा टाकत म्हणाली, "भरलेली आहे हो पोरगी." सोबत आलेल्या तिच्या भावाने हात लावू पाहिला तर तिने लावू दिला नाही. रिक्षाच्या मागच्या जागेवर गाठोडे ठेवले तेव्हा रिक्षा तेवढ्या बाजूला खचली. मोनप्पाने बजगोळीपर्यंत ती फार सावकाश चालवली.

त्यानंतर टोपलीत मोजल्या तेवढ्याच रोट्ट्या निघू लागल्या. शेडमध्ये शेवाळाचा वास येईना. हरिणाक्षी आत येऊन बसू लागली. सोपे झाले सगळे, फक्त जलजाक्षी आईशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, टाकून बोलली नाही. आई दिसली की भिंतीकडे पाही, इतकेच. कोरपोळू काय म्हणणार? ते तर तिनेच शिकवले होते.

सोण महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी मोनप्पाने रिक्षा धुऊन झेंडूची माळ घातली. पाच दुकानांचा माल जायचा होता. जलजाक्षीने भट्टीला हळदकुंकू लावले, पहिली रोट्टी घातली, काढली, आणि बाकीच्यांसारखीच टोपलीत रचली.

"अक्का," हरिणाक्षी चाचरत म्हणाली, "पहिली अत्तेंना..."

"माल भर," जलजाक्षी म्हणाली.

"पण घरची रीत..."

"या घरच्या रीती मी पुष्कळ पाळल्या. भर."

हरिणाक्षीने पुडी उचलली आणि तशीच धरून राहिली, कारण शेडच्या दारात कोरपोळू येऊन उभी होती. विहीर बुजवल्यापासून त्या जागेवर तिने पाय ठेवला नव्हता. लग्नाच्या दिवशीही ती दाराशी, पत्र्याच्या कडेला उभी राहिली होती. आता ती भिंतीला धरत, एकेक पाऊल चाचपत आत आली. चुलीसमोर येऊन खाली बसली, धापा टाकत. तिच्या हातात रिकामी थाळी होती. ती तिने दोन्ही हातांनी थोरल्या लेकीपुढे धरली. 

चुलीत लाकूड तडतडत होते. बाहेर मोनप्पाने हॉर्न वाजवायला नेलेला हात मागे घेतला. जलजाक्षी थाळीकडे पाहत राहिली... किती वेळा तिने हीच थाळी भरून पुढे सरकवली होती आणि तशीच उचलून नेली होती! नाही म्हणायचा हक्क आज तिचा होता, आणि तो तिला मनापासून हवाही होता. पण धरलेली थाळी कापत होती. म्हाताऱ्या हातांना ती फार वेळ पेलणारी नव्हती.

तिने टोपलीतली पहिली रोट्टी काढली आणि थाळीत ठेवली.

कोरपोळूने तुकडा मोडला. दात थोडेच उरले होते. ती तो तोंडात घोळवत राहिली, डोळे मिटून, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी झरत राहिले. घास उतरला. तिने दुसरा तुकडा मोडला, तोही खाल्ला.

"जाड झालीय," ती म्हणाली.

जलजाक्षीला वाटले, आपले हृदय आता फुटेल. गावातल्या प्रत्येक लेकीने आईकडून रोज ऐकलेले, वैतागून, नाक मुरडून ऐकलेले ते एवढेसे बोलणे तिच्या वाट्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी आले होते.

"हो का?" ती कशीबशी म्हणाली.

"हो. पुढची पातळ घाल. मी बसलेय."

जलजाक्षीने पदराने तोंड पुसले, पीठ ढवळले, आणि पुढची रोट्टी पातळ घातली.